पूर्णा ते रेवाडी : मालगाडीच्या इंजिनामागे

परभणीहून पूर्णा जंक्शन तीसेक किलोमीटर. मधे पिंगळी आणि मिरखेल ही छोटी स्टेशने. दोन्ही बाजूंना काळी जमीन, हंगामाप्रमाणे तीत कापूस, तूर, सोयाबीन नाहीतर ज्वारी. गाडी पूर्णेच्या यार्डात शिरली की नवख्यालाही जाणवते, गाव तालुक्याचे असले तरी रेल्वेचा पसारा त्याच्या मानाने फारच मोठा आहे. रुळांचे फाटे, रेल्वेची वसाहत, एक वाट परभणी-मनमाडकडे, दुसरी नांदेडकडे, तिसरी वसमत-हिंगोलीवरून अकोल्याकडे. हा पसारा मांडला गेला तो वाफेच्या इंजिनांसाठी. मीटर गेजच्या दिवसांत पूर्णेला मोठे लोको शेड होते. तिन्ही बाजूंनी आलेली इंजिने इथे कोळसा-पाणी घेत, राख टाकत, बॉयलर धुऊन घेत आणि पुन्हा कामाला लागत.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात इथे राबलेली इंजिने मुख्यतः दोन जातींची. प्रवासी गाड्या ओढणारी वायपी आणि मालगाड्या ओढणारी वायजी. वायपी लोकांच्या लक्षात राहिली, कारण लोक तिच्या मागच्या डब्यांत बसत. वायजीच्या मागे माणसे नसत. सरकीची पोती, कापसाच्या गाठी, सिमेंट, खत, धान्य, कोळसा असे ओझे घेऊन ती रात्रीबेरात्री निघायची आणि एखाद्या आडस्टेशनात बाजूच्या रुळावर तासन् तास उभी राहून एक्स्प्रेसला वाट द्यायची. मराठवाड्याचा बाजार चालवला तो तिने. पण तिचे फोटो थोडे, आठवणीही थोड्याच.

जपून ठेवलेली वायजी पाहायची तर खात्रीचे ठिकाण म्हणजे हरियाणातले रेवाडी. परभणीकराला ते फार दूरचे, परक्या मुलखातले वाटेल. पण एके काळी पूर्णेच्या मालधक्क्यावर भरलेला वॅगन, कुठेही माल न उतरवता, थेट रेवाडीपर्यंत जाऊ शकत होता. दोन्ही गावे एकाच रुळावर होती. तो रूळ कसा जोडला गेला आणि कसा उखडला, याची हकिकत कळली की रेवाडीच्या शेडमधले इंजिन पाहुणे वाटत नाही.

या रुळाची सुरुवात निजामाच्या काळात झाली. सिकंदराबादहून निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला पोचणारा सुमारे ३९० मैलांचा मार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला. नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. मालकी निजाम सरकारची, पण गाड्या चालवायची ती लंडनमध्ये नोंदलेली निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनी. १९३० साली निजाम सरकारने कंपनीच विकत घेतली आणि 'निजाम स्टेट रेल्वे' हे नाव रूढ झाले. इंजिनांचा कोळसाही संस्थानातलाच, सिंगरेणीच्या खाणींचा.

रूळ मात्र एक मीटर रुंदीचा. ब्रॉड गेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, याची १०००. रूळ हलके, पूल अरुंद, वळणे आखूड, त्यामुळे खर्च कमी. दुष्काळी, विरळ वस्तीच्या मुलखात रेल्वे न्यायची तर हाच मार्ग परवडतो, असा तेव्हाचा हिशेब. हिशेब खोटा नव्हता, पण त्याची दुसरी बाजू मनमाडला दिसायची. तिथे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा ब्रॉड गेज मार्ग भेटतो. मीटर गेजचा वॅगन त्यावर चढत नाही. त्यामुळे परभणी, मानवत, सेलू इथून निघालेल्या कापसाच्या गाठी मनमाडला उतरवायच्या आणि हमालांच्या पाठीवरून मुंबईच्या वॅगनमध्ये चढवायच्या. येणाऱ्या मालाचेही तेच. या अदलाबदलीत वेळ जाई, पोती फाटत, माल गहाळ होई, आणि त्याचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्याच्या भावातून किंवा गिऱ्हाइकाच्या खिशातून निघे. रूळ स्वस्तात झाला. महागाई पुढची नव्वद वर्षे मनमाडच्या फलाटावर मोजली गेली.

पूर्णेचे भाग्य उजळले ते फाट्यामुळे. १९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली मार्ग सुरू झाला आणि पूर्णेचे 'जंक्शन' झाले. हा फाटा अनेक वर्षे हिंगोलीला जाऊन थांबत होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५० मध्ये निजामाची रेल्वे केंद्र सरकारकडे गेली आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. मग एक जुनी अडचण दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या नजरेत भरली. उत्तर भारतात राजस्थान-माळव्यात मीटर गेजचे मोठे जाळे, दक्षिणेत हैदराबादपासून खाली तसेच जाळे, आणि मधे तोडलेला भाग हिंगोली ते खंडवा. तो जोडायचे काम हाती घेतले गेले आणि १९६० च्या सुमारास अकोल्यामार्गे खंडव्यापर्यंत गाड्या धावू लागल्या. मेळघाटात चढ कापण्यासाठी धूळघाटाजवळ रूळ स्वतःलाच वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून नेला. हा प्रकार देशात फार थोड्या ठिकाणी आहे.

या जोडणीने पूर्णा एकदम हमरस्त्यावर आली. काचीगुडा ते जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस इथून जाऊ लागली. मनमाड ते काचीगुडा अजंता एक्स्प्रेस होतीच. आणि त्याहून महत्त्वाचे, मालगाड्या. पूर्णा, अकोला, खंडवा, इंदूर, रतलाम, चित्तोड, अजमेर, रेवाडी, दिल्ली. सगळा मार्ग एका मापाचा. मनमाडचे ओझे टाळून माल उत्तरेला काढायची सोय झाली. १९६६ च्या २ ऑक्टोबरला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि पूर्णा तिच्याकडे गेली. २००३ पासून ती नांदेड विभागात आहे.

आता इंजिनाकडे. रेल्वेच्या नावांत पहिले अक्षर रुळाचे : ब्रॉडला डब्ल्यू, मीटरला वाय, नॅरोला झेड. दुसरे कामाचे : पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल. म्हणजे वायजी हे मीटर गेजचे मालवाहू इंजिन. स्वातंत्र्याच्या आगेमागे वेगवेगळ्या कंपन्यांची, संस्थानांची शेकडो तऱ्हेची इंजिने एका छत्राखाली आली होती. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसत नसे. रेल्वे बोर्डाने थोड्याच जाती ठरवून त्या मोठ्या संख्येने बांधायचे धोरण घेतले. वायपी आणि वायजी त्यातल्याच. दोघींना बॉयलर एकाच घडणीचा, त्यामुळे शेडमधल्या फिटरचे काम सोपे झाले. वायजीची एकूण १०७४ इंजिने बांधली गेली. काही परदेशांतून आली, पुढे ती जमशेदपूरला टेल्कोच्या कारखान्यात बनू लागली.

टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, स्थापना १९४५ ची. आज तिचे नाव ट्रकशी जोडलेले असले तरी सुरुवात रेल्वे इंजिनांनी झाली, आणि इंजिन बांधायची विद्या तिने म्युनिकच्या क्राउस-माफाय कंपनीकडून घेतली. मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझशी करार नंतरचा, १९५४ चा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे ज्या जिल्ह्याबद्दल थट्टेने आणि थोड्या अभिमानाने म्हटले जाते, त्या जिल्ह्यात जमशेदपूरची इंजिने जर्मन विद्येवर धावत होती, हे त्या म्हणीच्या चाहत्यांनी जरूर टिपून ठेवावे.

प्रवासी आणि मालवाहू इंजिनातला फरक चाकांत असतो. वायपीला मोठी चालती चाके सहा, व्यास १३७२ मिलिमीटर. वायजीला आठ, व्यास १२१९ मिलिमीटर. पुढे दोन छोटी चाके, मधे आठ जोडलेली, मागे पुन्हा दोन : या मांडणीला जगभर 'मिकाडो' म्हणतात. हिशेब साधा आहे. मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, म्हणून वेग मिळतो. लहान चाक कमी कापते, पण जोर जास्त लावते. आणि इंजिनाचे वजन जितक्या चालत्या चाकांवर वाटले जाईल तितकी रुळावर पकड घट्ट. वायजीच्या दर आसावर सुमारे साडेदहा टन भार, म्हणजे चार आसांवर मिळून बेचाळीस टन. मीटर गेजचा हलका रूळ फार जड आस सोसत नसे. म्हणून वजन वाढवण्याऐवजी चाके वाढवली.

वाफेचे इंजिन का बोलते, तेही या चाकांतून कळते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीत वाफ चारदा बाहेर फेकली जाते. तीच 'छक-छक'. वायजीचे चाक एका फेरीत सुमारे ३.८३ मीटर जाते, म्हणजे किलोमीटरला २६१ फेऱ्या आणि हजाराहून जास्त 'छक'. पूर्णा ते परभणी जड मालगाडी गेली तर हा आकडा तीस हजारांच्या घरात जातो. चढावर ते आवाज सुटे सुटे ऐकू येत, सपाटीवर एकमेकांत मिसळून जात. जुन्या वसाहतीतल्या बायका आवाजावरून ओळखत की आपला माणूस ड्यूटीवरून परत येतोय की दुसऱ्याच कुणाची गाडी आहे, असे सांगितले जाते. अतिशयोक्ती वजा केली तरी त्यात तथ्य आहे. ड्रायव्हरागणिक इंजिन हाकण्याची आणि शिट्टी देण्याची ढब वेगळी असे.

इंजिनावर माणसे तीन. ड्रायव्हर, पहिला फायरमन, दुसरा फायरमन. दुसऱ्याचे काम कोळसा फोडून पुढे ओढण्याचे, पहिल्याचे तो फावड्याने भट्टीत मारण्याचे. 'मारण्याचे' हाच शब्द. भट्टीच्या तोंडाशी ढीग टाकून चालत नाही, कोपऱ्या-कोपऱ्यात पातळ थर पसरावा लागतो, नाहीतर काळा धूर निघतो आणि वाफ पडते. काट्यावर चौरस इंचाला २१० पौंडांचा दाब टिकवायचा, काचेच्या नळीत पाण्याची पातळी पाहायची, आणि हे सगळे उघड्या केबिनमध्ये. पुढे भट्टी, मागे मोकळा वारा. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात भट्टीसमोर उभे राहणाऱ्याच्या पगाराला कुणी नावे ठेवू नयेत.

गाडीच्या शेवटी, ब्रेकच्या डब्यात एकटा गार्ड. रात्री त्याच्या सोबतीला कंदील आणि डबा. वसाहतीत रात्रीबेरात्री दार ठोठावून ड्यूटीवर बोलावणारा कॉलमन असे. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक टप्प्याला एका वेळी धातूचा एकच गोळा. तो ज्याच्या हाती, त्याच्याच गाडीला पुढे जायचा अधिकार. वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या पिशवीत गोळा घालून स्टेशनवरचा माणूस फलाटावर उभा राही आणि चालत्या इंजिनावरचा फायरमन हात घालून तो कडे उचलून घेई, त्याच वेळी मागच्या टप्प्याचे कडे खाली टाकी. चुकले तर खांदा निखळे.

१९७२ साल मराठवाड्यात दुष्काळाचे साल म्हणून सगळ्यांना पाठ आहे. गुरे विकली गेली, रोजगार हमीच्या आधीची खडी फोडण्याची कामे निघाली आणि परदेशातून आलेली 'मिलो' ज्वारी लोकांनी नाक मुरडत खाल्ली. बाहेरून आलेल्या त्या धान्याचा मोठा भार रेल्वेनेच वाहिला. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आणि त्याच वर्षी, पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्यातून भारतीय रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. ते वायजी होते.

चित्तरंजनची ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्या कारखान्याचे पहिले इंजिन देशाला अर्पण झाले. क्रमांक ८४०१, नाव 'देशबंधू', जात डब्ल्यूजी, म्हणजे ब्रॉड गेजचे मालवाहू. ब्रॉड गेजवरचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० च्या जूनमध्ये निघाले, क्रमांक १०५६०, नाव 'अंतिम सितारा', तेही डब्ल्यूजी. आणि मीटर गेजचा शेवट वायजीने. एकूण २३५१ वाफेची इंजिने बांधणाऱ्या कारखान्याची सुरुवात मालवाहू इंजिनाने झाली आणि शेवटही. प्रवासी गाड्यांच्या बंदुकीच्या गोळीसारख्या तोंडाच्या डब्ल्यूपी इंजिनांनी पोस्टर गाजवले, पण देशाला गरज होती ती ओझे वाहणाऱ्यांची.

१९८० च्या सुमारास देशात वाफेची साडेसात हजारांच्या आसपास इंजिने होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती जवळजवळ सगळी भंगारात गेली. ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर 'शेर-ए-पंजाब' या इंजिनाने ब्रॉड गेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी ओढली. मराठवाड्यात तर रूळच बदलले. १९९० च्या दशकात मनमाडपासून परभणी-पूर्णा-मुदखेडपर्यंत ब्रॉड गेज आला. पूर्णा-अकोला मार्गावर डिझेलची मीटर गेज गाडी आणखी काही वर्षे टिकली, २००८ मध्ये तिथेही ब्रॉड गेज झाला. मेळघाटातला उरलेला तुकडा व्याघ्र प्रकल्पातून जातो म्हणून वादात सापडला, गाड्या थांबल्या, आणि धूळघाटाचे वळण आता जंगलाच्या स्वाधीन आहे. ज्या जोडणीने पूर्णा आणि रेवाडी एका रुळावर आली होती ती अशी मधेच तुटली.

आता रेवाडीला जायचे तर नांदेडहून सकाळी निघणारी अमृतसरची सचखंड एक्स्प्रेस बरी. पूर्णा, परभणी, सेलू, जालना. याच जमिनीवरून मीटर गेज जात होता, फक्त रूळ रुंदावलेत. वाटेतल्या स्टेशनांवर भाविक लंगर घेऊन येतात, ताटली पुढे करायची, जेवण मिळते. छत्रपती संभाजीनगर सोडले की दौलताबादचा किल्ला डाव्या-उजव्या खिडकीतल्यांना एकदम उठवतो, पुढे अंकाई-टंकाईची जोड आणि मग मनमाड. आजचा प्रवासी इथे डब्यातून न उतरता पुढे जातो. नव्वद वर्षे जिथे गाठी पाठीवरून वाहिल्या गेल्या तिथे आता फक्त चहा घेऊन गाडी पुढे सरकते. भुसावळनंतर खंडवा येते. मीटर गेजचा तो जुना धागा इथून उत्तरेला इंदूरकडे जाई. त्यातला पाताळपाणी ते कालाकुंड एवढा घाटातला तुकडा २०१८ पासून पर्यटकांच्या गाडीसाठी राखला आहे. इंजिन मात्र डिझेल.

दिल्लीला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचता येते. रेवाडीच्या आधी चाणक्यपुरीतले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहून घ्यावे, सोमवार टाळून. १ फेब्रुवारी १९७७ ला उघडलेल्या या संग्रहालयात मालवाहू इंजिनांचा बाप उभा आहे : बंगाल-नागपूर रेल्वेचे ८१५ क्रमांकाचे गॅरट. मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कंपनीने १९३० साली बांधलेले, वजन २३४ टन. मधे एक बॉयलर, त्याच्या पुढे एक आणि मागे एक अशी दोन यंत्रे, चालती चाके सोळा. नागपूरहून पूर्वेला कोळसा-लोखंडाच्या मुलखात जाणाऱ्या रेल्वेला असलेच जनावर हवे होते. लहान मुले त्याच्याजवळ आली की आपोआप गप्प होतात. पण ते थंड आहे. रंगवलेले, पुसलेले, आणि कायमचे थंड.

रेवाडी दिल्लीहून सुमारे ऐंशी किलोमीटर. स्टेशनापासून शेड जवळच. १८९३ साली बांधलेले हे शेड एके काळी मीटर गेजचे मोठे ठाणे होते. इथे एक गोष्ट परभणीकराने ध्यानात घ्यावी. भारतात मीटर गेजची सुरुवात झाली ती याच भागात, १८७३ च्या फेब्रुवारीत, दिल्ली-रेवाडी मार्गाने. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना स्वस्त रेल्वेचे माप ठरवण्याचा वाद झाला, आणि तो मेट्रिक मापांचा पुरस्कर्ता असल्याने फुटाइंचांऐवजी सरळ एक मीटर हे माप ठरले. पूर्णेच्या रुळाची जन्मपत्रिका इथे लिहिली गेली.

वाफ संपल्यावर रेवाडीचे शेडही ओस पडले होते. २००२ मध्ये ते वारसा शेड म्हणून पुन्हा उघडले, २०१० मध्ये नव्याने सजवले. इथली काही इंजिने आजही पेटतात, हे या जागेचे वेगळेपण. डब्ल्यूपी जातीची 'अकबर' आणि 'आझाद', शेवटची गाडी ओढणारे 'शेर-ए-पंजाब', आणि मालवाहूंपैकी 'अंगद'. हे अंगद म्हणजे १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्डविन कारखान्यात, महायुद्धाच्या गरजेसाठी बांधलेले इंजिन. तेही मिकाडोच. युद्धाचा माल वाहायला आले आणि इथेच राहिले.

मीटर गेजची इंजिने जरा बाजूला आहेत. साहिब, सिंध, रेवाडी किंग अशी नावे त्यांना दिलेली आहेत. त्यांतली ३४१५ आणि ४२५२ या क्रमांकांची दोन वायजी. पाट्या चकचकीत, चाकांच्या कडांना पांढरा रंग, जोडदांडे तेल लावून पुसलेले. पूर्णेच्या शेडमध्ये असली नटवी वायजी कुणी पाहिली नसेल. तिथे ती काजळीने माखलेली, अंगावर पाण्याचे ओघळ, टेंडरवर कोळशाचा ढीग आणि त्यावर फायरमनचा पंचा वाळत टाकलेला. तरीही जवळ जाऊन केबिनमध्ये डोकावले की ओळख पटते. भट्टीचे लोखंडी दार, पाण्याची नळी, रेग्युलेटरचा लांब दांडा, बसायला फळी. कामाची जागा किती तोकडी होती ते इथे उभे राहिल्यावरच कळते. दोन माणसे फावडी घेऊन तिथे आठ-दहा तास कशी वावरली असतील, याचे उत्तर कोणत्याही पाटीवर नाही.

संग्रहालये हेच चुकतात, असे म्हणावे लागेल. पाटीवर इंजिनाचा क्रमांक, वर्ष, कारखाना, वजन असते. त्यावर राबलेल्याचे नाव नसते, कोणत्या मार्गावर कोणता माल वाहिला तेही नसते. प्रवासी इंजिनांना सिनेमाने तरी आधार दिला. वाफेची गाडी लागली की चित्रपटवाले रेवाडीला येतात, आणि कॅमेऱ्यासमोर बहुतेक वेळा डब्ल्यूपी असते. सिमेंटच्या वॅगनांपुढे नायिकेला निरोप देणारा नायक अजून कुणी लिहिलेला नाही.

दुसरी अडचण रुळांची आहे. रेवाडीच्या भोवतालचा मीटर गेजही ब्रॉड झाला. ब्रॉड गेजची इंजिने अधूनमधून दिल्ली-रेवाडी मार्गावर धावतात, लोक तिकीट काढून मागे बसतात. वायजीने वाफ धरली तरी तिला जायला शेडच्या आवाराबाहेर रूळ नाही. ज्या मापाची सुरुवात रेवाडीत झाली, त्या मापाचे इंजिन आता रेवाडीतच अडकून पडले आहे. दुरुस्तीचा प्रश्न आहेच. बॉयलरच्या नळ्या बदलणारे, पांढऱ्या धातूचे बेअरिंग ओतणारे, भट्टीच्या आतले बोल्ट हाताने ठोकून आवाजावरून तडा ओळखणारे कारागीर निवृत्त झाले. नवे मोजकेच तयार होतात.

असे कारागीर पूर्णेत होते, काही अजून आहेत. वाफ बंद झाली तेव्हा पंचविशीत असलेला खलाशी आज साठीच्या आसपास आहे आणि जो तेव्हा ड्रायव्हर होता तो ऐंशी ओलांडून गेला असेल. इंजिन रेवाडीत आहे, पण इंजिन चालवायची माहिती पूर्णा, परभणी, नांदेड, हिंगोली, अकोला इथल्या घरांमध्ये आहे, आणि ती लोखंडासारखी टिकत नाही.

तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या वाचकांना विनंती एवढीच. घरात किंवा शेजारी लोकोतला, ट्रॅफिकमधला, मालधक्क्यावरचा कुणी निवृत्त माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. इंजिनाचे क्रमांक विचारा, वाट विचारा, कोणत्या स्टेशनात पाणी भरत, कोणत्या हंगामात कोणता माल असे, हिंगोलीच्या बाजूला चढ कुठे लागत, पगार किती होता, रेल्वेत संप झाले तेव्हा काय घडले, हे सगळे विचारा. जुनी सेवापुस्तिका, शेडमधला सामूहिक फोटो, गार्डचा कंदील, गोळ्याचे कडे भंगारवाल्याला देऊ नका. ते गावच्या शाळेत, महाविद्यालयाच्या इतिहास विभागात किंवा जिल्हा ग्रंथालयात नावानिशी नोंदवून ठेवा. आणि दिल्लीकडे जाणे झाले तर रेवाडीसाठी एक दिवस काढा. ३४१५ आणि ४२५२ तिथे उभ्या आहेत, केबिनमध्ये चढताही येते.